रविवारचा गाळ

“हात लाव गं वहिनी, चावत नाही ते!” असं म्हणून रिबेकानं परात माझ्याकडे ढकलली.

परातीत मोठ्याचं मटण होतं. मोठ्याचं म्हणजे म्हशी-रेड्याचं. बाहेरची माणसं बीफ म्हणतात, पण आमच्या नगरच्या ख्रिस्ती वस्तीत नुसतं ‘मोठ्याचं’ म्हटलं की झालं. माझ्या नवऱ्यानं, सुमंतनं, ते सकाळी सकाळी पेपरात गुंडाळून, वर कापडी पिशवीत घालून आणलं होतं. लालभडक, जाड धाग्यांचे मोठाले तुकडे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि तेही माझ्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं.

मी माळकऱ्याची मुलगी. राहुरीकडच्या आमच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आत आलं नव्हतं. एकदा शेजारची कोंबडी चुकून ओसरीवर येऊन बसली, तर माझ्या आईनं ओसरी दोनदा सारवली होती. आणि आता मी, तिची लेक, बाह्या वर करून उभी होते.

डोळे मिटले आणि घातला हात. गार लागलं एवढंच.

“शाब्बास!” रिबेका म्हणाली. ती माझी धाकटी नणंद. नर्सिंगचं शिकायला बाहेरगावी होती, सुट्टी मिळाली की रविवारी घरी यायची. “आता हळद-मीठ. मग आलं-लसूण. आणि ही कच्ची पपई, सालीसकट वाटलेली. हे जनावर काही कोवळं नसतं बाई. पपई लावली नाही तर दुपारी जेवायला बसलेला माणूस दिवे लागले तरी चावतच बसेल.”

“किती लावू?”

“आई अंदाजानं लावायची,” रिबेका म्हणाली. “शेवटी शेवटी तिचाही अंदाज गेला होता म्हणा. पातेलं शेगडीवर ठेवायची आणि विसरून जायची. मटणाचा नुसता गाळ व्हायचा. आम्ही कुरकुर करायचो. ती म्हणायची, ‘विसरले गं.’ पण बाबा बिचारे एक शब्द बोलायचे नाहीत. मुकाट्यानं खायचे.”

“आज खातील?”

रिबेकानं लसूण सोलायला घेतला.

माझा सगळा जीव त्या एका प्रश्नात अडकला होता. आणीबाणी संपली, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. सुमंत रणनवरेशी मी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा माझ्या वडिलांनी गळ्यातली माळ मुठीत धरून सांगितलं, “वैजयंती, आजपासून तू आम्हाला मेलीस.” एक घर असं सुटलं. दुसरं घट्ट धरायचं म्हणून मी आले, तर या घरचे कर्ते, माझे सासरे, माझ्या हातचं जेवत नव्हते.

भांडण नाही, तंटा नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, मीही काही तोंडाची मुकी नव्हते. पण शलमोन रणनवरे म्हणजे मिशनच्या शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख. अर्ध्या नगरची पोरं त्यांच्या छडीखाली ‘षट्कोन’ म्हणायला शिकलेली. आवाज असा, की शेवटच्या बाकावरच्यालाही शब्दन् शब्द ऐकू जावा. मला ते ‘तुम्ही’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “सूनबाई, या घरात तुम्हाला कुणी काही खायचा आग्रह करणार नाही, आणि काही सोडायचाही करणार नाही.” झालं, संपलं बोलणं.

जेवायला बसलं की ते डोळे मिटून प्रार्थना करायचे. शेवटी दर वेळी म्हणायचे, “आणि ज्या हातांनी हे अन्न रांधलं, त्या हातांना आशीर्वाद दे.” मग डोळे उघडून दोन घास भात खायचे, म्हणायचे, “भूक नाही,” आणि भाकरी फडक्यात घेऊन आपल्या खोलीत जायचे, मागाहून खातो म्हणून. हातांना आशीर्वाद आणि हातच्या भाकरीला नकार! मी म्हणायची, बरं, खोलीत तरी खात असतील. तर एक दिवस परसात कपडे वाळत घालायला गेले, आणि बघते तो काय, सासरे भिंतीच्या आडोशाला बसून माझी भाकरी बोटांनी कुस्करून कोंबड्यांना घालताहेत. मी तशीच मागे फिरले. ओल्या कपड्यांची बादली हातात घेऊन न्हाणीघरात रडले.

बरं, मी यायच्या आधी आवडाआत्या त्यांना रोज मऊ खिचडी पाठवायच्या. आवडाआत्या म्हणजे सासऱ्यांची विधवा चुलतबहीण, आमच्याच ओळीत दोन घरं सोडून राहायच्या. ती खिचडी म्हणे ते चाटूनपुसून खायचे. घरात सून आली म्हणून आत्यांनी डबा बंद केला. आत्याच्या हातचं चालत होतं, माझ्या हातचं चालत नव्हतं. याचा अर्थ काय तो मी लावला. कुणीही लावला असता.

आणि मटण? सासूबाई गेल्या त्या दिवसापासून त्यांनी मटण सोडलं होतं. वस्तीत केवढं कौतुक त्याचं! बायका नवऱ्यांना ऐकवायच्या, “रणनवरे सरांकडून शिका काही.” ‘आईसारखं मोठ्याचं कुणी केलं तर बाबा नाही म्हणायचे नाहीत,’ ही कल्पना रिबेकाची. आणि मी धरून बसले. मला वाटलं, माळकऱ्याच्या मुलीनं मोठ्याचं रांधून ताटात वाढलं, तर याहून मोठं काय सांगायचं असतं माणसाला? की बाबा, मी आले हो तुमच्याकडे, पुरती आले.

मी मटण चोळत होते तेवढ्यात सुमंत दारात येऊन उभा राहिला. मुंडी खाली, हात खिशात. कारखान्यातून त्याला पिंपरीला बदली मिळत होती, क्वार्टरसकट.

“वैजू, आज शेवटचं,” तो म्हणाला. “आज त्यांनी ताट सरकवलं, तर मी उद्या साहेबांना होकार कळवतो. रोज रोज तुझं हे तोंड मला बघवत नाही.”

“आणि बाबा?”

“राहतील एकटे. त्यांना तेच हवंय बहुतेक.”

“सुमंत, एका घराचं दार माझ्या तोंडावर बंद झालंय. दुसऱ्याचं मी आपल्या हातानं लावून घेऊ?”

“मग काय करायचं? कोंबड्यांसाठी भाकऱ्या थापत बसणार आहेस का जन्मभर?” तो म्हणाला आणि निघून गेला. चिडला की तो असाच खरं बोलायचा.

आमच्या वस्तीची एक रीत होती. रविवारी उपासनेला निघायच्या आधी घरोघरी पातेली शेगडीवर चढायची. कांदा तेलात लाल व्हायचा, भाजल्या खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला पडायचा, मटण परतून बेताचं पाणी घालायचं, रस्सा दाट व्हायला येसूर लावायचा. येसूर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, नगरकडचं. मग झाकणाची कड कणकेनं लिंपायची, झाकणावर चार निखारे ठेवायचे आणि खुशाल चर्चला जायचं. पाळकसाहेबांनी आशीर्वचन देईतो मटण बरोबर शिजलेलं असायचं. आमच्याकडे घड्याळापेक्षा उपासनेवर भरवसा जास्त. चर्चमधून माणसं बाहेर पडली की प्रत्येक ओळीतून वास यायचा, आणि कुणाकडे काय शिजलंय ते नाकानं कळायचं.

मी सगळं रीतीनं केलं. पातेलं शेगडीवर चढवलं आणि रिबेकाला म्हटलं, “मी साडी बदलून येते, मग कणीक लावू.” येऊन बघते तर आवडाआत्या आलेल्या, आणि दोघी नणंद-आत्या मिळून झाकण लिंपूनसुद्धा मोकळ्या.

“चल चल, घंटा झाली,” आत्या म्हणाल्या. “तुझा सासरा पुढे गेलासुद्धा. आणि घाबरू नकोस गं, मी आहे ना.”

ते ‘मी आहे ना’ ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तिथेच जरा चौकशी केली असती तर!

त्या दिवशी चर्चला पाहुणे उपदेशक आले होते. विषय होता धीर. आता बाई, धीर धरा हे सांगायला किती वेळ लागावा? एक उदाहरण झालं, दुसरं झालं, मग त्यांच्या लहानपणीची आठवण निघाली. पाळकसाहेबांनी दोनदा खोकून पाहिलं. पुढच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण प्रत्येकीचं पातेलं शेगडीवर होतं. माझं शरीर शेवटच्या बाकावर आणि जीव स्वयंपाकघरात. समोर गायनमंडळात सासरे ताठ बसलेले, पांढराशुभ्र झब्बा, बंद ओठ. मी त्यांच्याकडेच बघत मनात म्हणत होते, खा हो, बाबा. एक घास खा. माझ्या देवाला म्हणत होते की त्यांच्या, मलाच ठाऊक नाही. जो मोकळा असेल त्यानं ऐकावं.

शेवटी एकदाचं ‘आमेन’ झालं आणि सगळ्या वस्तीच्या बायका पदर खोचून घराकडे पळाल्या. असं दृश्य मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पण घरी आले तर वास काय सुटला होता म्हणून सांगू! मला तोवर मटणाच्या वासानं मळमळायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. टेबलावर ताटं मांडली, भाकऱ्या ठेवल्या, कांदा चिरला. सासरे आपल्या खुर्चीवर बसले. सुमंत, रिबेका, आवडाआत्या. सासऱ्यांनी प्रार्थना केली, त्यातही रांधणारे हात आलेच. सुमंतनं सुरीच्या पाठीनं वाळलेली कणीक फोडली, झाकण उचललं, आणि आत्या म्हणाल्या, “वा गं पोरी!”

मी पळी आत घातली, ढवळली आणि वर काढली.

पळीत तुकडा नव्हता. पुन्हा घातली, तळापर्यंत. तुकडा नाहीच. नुसते धागे, तपकिरी, दाट, घोटलेल्या डाळीसारखे. शेवटी एक तुकडा लागला. तो नारळाच्या करवंटीचा निघाला.

“मटण कुठे गेलं?” सुमंत म्हणाला.

“ही करवंटी कुणी टाकली?” मी म्हणाले.

“मी,” आत्या म्हणाल्या. “मटण जून दिसलं मला. करवंटी टाकली, एक सुपारी टाकली. लवकर शिजतं त्यानं.”

“अगं आत्या, पण पपई होती ना त्याला!” रिबेका किंचाळली. “मी चांगली वाटीभर घातली होती!”

“तू घातलीस?” मी म्हणाले. “अगं, मी लावली होती की!”

“तू दोन बोटांनी लावत होतीस वहिनी, मला वाटलं तुला किळस येतेय, लागलीच नसेल. म्हणून तू साडी बदलायला गेलीस तेव्हा…”

“सात सुगरणी आणि भाजी अळणी!” आत्यांनी कपाळावर हात मारला. “आणि वर त्या मेल्या उपदेशकाचा धीर!”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पातेल्याकडे बघत होते, अगदी टक लावून. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना, आणि थांबून वाचायची हिंमतही नव्हती. मी पळी तशीच ठेवली आणि मागच्या दारानं परसात गेले. शेवग्याखाली धुण्याचा दगड होता, त्यावर बसले. हाताला आल्या-लसणाचा वास. आईनं पाहिलं असतं तर तिनं माझे हात कापून टाकले असते, आणि ज्यांच्यासाठी हे हात विटाळले त्यांना घालायला माझ्याकडे गाळ होता. कोंबड्या जवळ आल्या, त्यांना वाटलं भाकरी आणली. मी त्यांना हुश् हुश् केलं आणि ढसाढसा रडले.

सुमंत मागोमाग आला. शेजारी उकिडवा बसला.

“जाऊ दे. पिंपरीला घरात तू जे करशील ते मी खाईन. गाळसुद्धा.”

“मला नाही जायचं पिंपरीला.”

“वैजू…”

“मला हेच घर पाहिजे, सुमंत. मला त्यांनी लेक म्हणायला पाहिजे. नसेल म्हणायचं तर दोन शिव्या घालाव्यात, पण हे ‘सूनबाई तुम्ही, सूनबाई तुम्ही’ नको!”

तेवढ्यात आतून हाक आली. “सूनबाई!” तोच वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. दगडावर बसल्या बसल्या मी पदर सावरला.

आत गेलो तर रिबेका आणि आत्या पुतळ्यासारख्या उभ्या. सासऱ्यांचं ताट रिकामं होतं. रिकामं म्हणजे पुसलेलं. भाकरी नव्हती, रस्सा नव्हता, काही नव्हतं. झब्ब्यावर मात्र एक तपकिरी डाग पडला होता. झब्ब्यावर कधी डाग पडू देणारा माणूस नव्हता तो.

“आहे का अजून?” त्यांनी विचारलं.

“आहे ना, बाबा. पातेलंभर आहे.”

“मग वाढा. आणि भाकरी त्यातच कुस्करा.”

मी वाढलं. आत्यांनी ताट धरलं. सासऱ्यांनी तेही खाल्लं. सावकाश, डोळे मिटून, बोटं चाटत. तिसऱ्यांदाही घेतलं.

शेवटी रिबेकाला राहवलं नाही. “बाबा, तुम्ही तर सोडलं होतं ना?”

“धरलं परत,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. जाता जाता माझ्याजवळ थांबले. “जरा वेळानं पाणी घेऊन या खोलीत.”

मी तांब्या घेऊन गेले, तेव्हा ते खिडकीशी बसले होते. पाठ माझ्याकडे.

“दार लोटून घ्या.”

मी घेतलं. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तोंडावर रुमाल धरलेला. टेबलावर एक चिनी मातीचा वाडगा होता, त्यावरचं फडकं त्यांनी दुसऱ्या हातानं उचललं. आत पाण्यात कवळी होती. वरची, खालची, सगळी.

“हसायचं नाही,” ते रुमालातून म्हणाले.

मी कुठली हसते? माझं तोंड उघडं ते उघडंच.

“बरीच वर्षं झाली दात जाऊन. ही कवळी बोलायला बरी आहे, गायला बरी आहे. चावायला लागलो की हिरड्या सोलून निघतात. बदलून घ्यायची तर दवाखान्यात चार लोकांत बसायला हवं, आणि मग सगळ्यांना कळणार. ज्यानं सगळ्या गावाचे उच्चार सुधारले त्याच्याच तोंडाचं बोळकं झालंय, हे कळलं की पोरंसोरं नकला करणार. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ना, ते मी वर्गात वाक्यात उपयोग करून शिकवलंय. स्वतःवर येईल असं वाटलं नव्हतं.”

“म्हणजे… भाकरी…”

“भाकरी चावत नाही. चांगली असते तुमची भाकरी, खरपूस, कडक. तीच तर पंचाईत. ताटात परत पाठवली तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून खोलीत आणायचो आणि कोंबड्यांना घालायचो.”

“मी बघितलं होतं तुम्हाला!” माझा आवाज चढला. सासऱ्यांशी कसं बोलावं हे मी विसरलेच. “बाबा, मी बघितलं होतं! मला वाटलं मी माळकऱ्याची, तुमच्या धर्माची नाही, माझ्या हातचं तुम्हाला नको! तुमच्या भाकरीपायी सुमंत घर सोडून निघालाय, ठाऊक आहे?”

त्यांच्या हातातला रुमाल खाली आला. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले. माझ्यासमोर हेडमास्तर नव्हते, एक म्हातारं माणूस होतं, आणि ते घाबरलं होतं.

“अगं, नाही गं पोरी,” ते म्हणाले. “तू असं मनात धरलंस? इतके दिवस?”

अगं. पोरी. तू. मी तिथेच जमिनीवर बसले.

“एक शब्द सांगायचा होता, बाबा.”

“एकीला सांगितला होता. तुझ्या सासूला.” ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. “ती विसरत नव्हती. तिची स्मरणशक्ती माझ्याहून तल्लख. माझे दात गेले, तेव्हापासून ती दर रविवारी मुद्दाम पातेलं उतरवायची नाही. मटणाचा गाळ होऊ द्यायची. पोरं नावं ठेवायची, ही आवडा सगळ्या वस्तीत सांगायची, ‘मार्थेचं डोकं चाललं.’ ती आपली म्हणायची, ‘विसरले.’ मी समोर बसून खायचो आणि एक अक्षर बोलायचो नाही. मला माझे दात प्यारे होते.” त्यांनी डोळे पुसले. “आज तू पळी वर काढलीस ना, मला वाटलं तिनंच धाडलं.”

मग दोघंही रडलो. रडता रडता मला हसू आलं, ते रागावले, मग तेही हसले. दाताशिवाय हसताना ते फार गोड दिसायचे. मी कुणाला सांगितलं नाही ते.

“सुमंतला सांगू नकोस,” मी उठताना ते म्हणाले.

“त्यालासुद्धा नाही?”

“त्याला तर नाहीच. मी त्याच्यासाठी अजून हेडमास्तर आहे.”

सुमंतनं पिंपरीला नकार कळवला. त्या दिवसापासून माझ्या भाकऱ्या दुधात भिजून, वरणात कुस्करून खोलीत जायच्या आणि ताट रिकामं परत यायचं. पुढच्या रविवारी मी पपई लावली, मुठीनं लावली. सुपारी टाकली, करवंटी टाकली. उपासनेहून आले आणि भाकऱ्या थापत बसले, शेगडीकडे ढुंकून बघितलं नाही. झाकण उघडलं आणि सुमंतनं डोक्याला हात लावला.

“वैजू! परत?”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटातल्या मिठाकडे बघत होते.

“विसरले,” मी म्हणाले.

मग काय, सगळ्या वस्तीत नाव झालं. ‘रणनवऱ्यांच्या सुनेचा गाळ.’ लग्नकार्यात मला कुणी मटणाच्या पातेल्याजवळ फिरकू द्यायचं नाही. आवडाआत्या म्हणायच्या, “हिंदूची पोर, तिला काय कळतंय मोठ्यातलं.” माझी पोरं बोलायला लागली तशी तीही माझ्या मटणाला नावं ठेवायला लागली. आणि मी मूळची तोंडाळ, पण या एका गोष्टीवर तोंड उघडलं नाही. सासरे मात्र भर जेवणात, आपल्या त्या आवाजात सांगायचे, “माझ्या लेकीच्या हातच्यासारखं मोठ्याचं नगरात कुणाला जमत नाही.” लोक म्हणायचे, सर किती मोठ्या मनाचे. रस्सा चाखता चाखता मीही कधी खायला लागले, कळलं नाही.

ते गेले त्याच्या पुढच्या रविवारी मी पातेलं वेळेवर उतरवलं. पपई बेताची, सुपारी नाही, करवंटी नाही. अख्खे, मऊ, आकार धरलेले तुकडे. सुमंत म्हणाला, “घे! इतक्या वर्षांनी जमलं तुला एकदाचं!” पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा तुकडा ताटातच राहिला. मी उठून परसात गेले, आणि धुण्याच्या दगडावर बसून राहिले. त्यानंतर माझं मोठ्याचं नेहमीच चांगलं व्हायचं. चांगलं झालं म्हणून दर वेळी वाईट वाटायचं.

आता स्वयंपाक सूनबाई करते. शेरॉन तिचं नाव, बँकेत आहे, हुशार, जरा फटकळ. माझ्यासारखीच. शेगडी गेली, गॅस आला, पण रविवारी पातेलंच चढतं. कुकरमधलं मला आवडत नाही हे तिला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात माझे मागचे दात काढावे लागले. मी कुणाला बोलले नाही. पुढचे आहेत, दिसायला काही वाईट दिसत नाही, मग उगाच गावभर कशाला? मटण गालात धरून ठेवायचं आणि हळूच फडक्यात काढायचं, हे मला छान जमायला लागलं होतं. भाकरी मी ‘मागाहून खाते’ म्हणून खोलीत न्यायची.

परवाच्या रविवारी जेवायला बसलो. शेरॉननं झाकण उघडलं, पळी घातली, वर काढली. तुकडा नाही. नुसते धागे, तपकिरी, दाट.

“शेरॉन, हे काय?” माझा मुलगा म्हणाला. “सगळा गाळ केलास की!”

“सॉरी,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. माझ्या ताटातली भाकरी घेतली आणि कुस्करायला लागली. “फोनवर बोलत बसले, आणि विसरले.”

सासूबाई, सासरे, शेवग्याखालचा दगड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मला म्हणायचं होतं, अगं पोरी, तुला कधी कळलं?

नुसतं ताट पुढे केलं.

“वाढ,” म्हटलं. “आणि जरा जास्त वाढ.”